आत्याला न पटलेला कोच

भांडायचं ठरलं की आत्या आधी पायातल्या चपला काढायची. त्या जोडीनं भिंतीला लावून ठेवायची, पदर कमरेला खोचायची आणि मग तोंड उघडायची. मी एकदा विचारलं, "आत्या, भांडणाआधी चपला कशाला काढता?"

"पायात असल्या की हाताला आठवण येती, दादा. मंग बोलायचं राहूनच जातं."

परतुरात तिला नावानं कुणी ओळखत नव्हतं. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची ती आत्या. स्टेशनाकडून मोंढ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर तिची खानावळ होती. मी जिनिंगच्या ऑफिसात कामाला. बायको-मुलं कुंभार पिंपळगावला, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडे. पहिल्याच दिवशी मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो, तर ती समोर येऊन उभी राहिली. "काय झालं? भाकरी नापास झाली का?" मी मुकाट्यानं परत बसलो.

तुम्ही म्हणाल, अशा खानावळवाल्या बायका गावोगाव असतात. असतात. पण मला आत्याच्या येसराच्या आमटीबद्दल सांगायचं नाही, तिच्या रागाबद्दल सांगायचं आहे. आणि खरं म्हणजे माझ्याही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमच्याकडे मुलींचा कबड्डीचा संघ होता, अजून आहे. आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरी, कुणी सायकलवर, कुणी काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून सरावाला यायच्या. संघाचं एक मंडळ होतं, मंडळाला अध्यक्ष होते, आणि आम्ही चाहते होतो. मैदानाच्या कडेला लिंबाखाली आमची बसायची जागा. परगावचा संघ आला की आमच्या आरडाओरड्यानं लिंबावरचे कावळे उडायचे.

आत्या या खेळाकडे आली ती चुकून. स्पर्धेच्या दिवशी जेवण पोचवायला म्हणून भांडी घेऊन मैदानावर गेली. त्याच वेळी आमच्या एका पोरीला समोरच्या पाच जणींनी मिळून खाली पाडलं होतं. आत्यानं हातातलं पातेलं तिथंच ठेवलं आणि धावत सुटली. "सोडा तिला! एकीला पाच जणी धरताव? लाजा न्हाईत का?" पंचांनी शिट्टी वाजवली, लोक हसून हसून बेजार झाले. पण त्या दिवशी ती शेवटपर्यंत थांबली आणि त्यानंतर तिनं एक सामना चुकवला नाही. नियम तिला शेवटपर्यंत धड कळले नाहीत. बोनसची रेषा तिच्या लेखी 'ती पिवळी रेघ' होती. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण पडतं, हे तिला कितीदा तरी सांगितलं, तरी दर वेळी ती कानाशी येऊन विचारायची, "लोण आपल्याला बसलं का त्यान्ला?" आपल्याला म्हटलं की पंचाला शिव्या, त्यांना म्हटलं की पंचाला आशीर्वाद.

पोरी मात्र तिला पाठ होत्या. कुणाच्या घरी दुभतं आहे, कुणाचा बाप पोरगी खेळते म्हणून घरात बोलत नाही, कुणाला शेंगदाण्यानं पित्त होतं, सगळं. सरावानंतर पोरी तिच्याकडेच जेवायच्या. त्यांत सारिका तिची विशेष लाडकी. मेंढपाळाच्या घरची पोरगी, हाडापेरानं मजबूत. डाव्या कोपऱ्यात खेळायची, आणि तिनं एकदा घोटा धरला की चढाईला आलेली पोरगी जागीच बसायची. सारिका जेवायला बसली की आत्या पंख्याचं तोंड तिच्याकडे करायची. "जेवावं तर हिनं," म्हणायची. "असं ताट बघितलं की रांधणाऱ्याचा जीव थंड होतो."

जुने सर निवृत्त झाले आणि मंडळानं नवा मुख्य कोच आणला. बाहेरून आणला. त्याचं नाव मी घेणार नाही. ते लिहिण्याचे कष्ट माझ्या हातून होणार नाहीत. स्वागताला मांडव घातला, हार झाले, शाल झाली. पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी, काळा चष्मा. माइक हातात घेऊन म्हणाला, "मला कारणं नकोत. मला रिझल्ट पाहिजे." मांडव टाळ्यांनी दणाणला.

संध्याकाळी खानावळीत त्याची परीक्षा सुरू झाली. दोन जिने चढताना धाप लागणारी माणसं खेळाडूंबद्दल आणि कोचबद्दल किती अधिकारानं बोलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्यात एक निवृत्त कंडक्टर होते. त्यांचा निकाल आधी लागला. "चाल बघितली का? वाघ हाये वाघ!" मोबाइलचा दुकानवाला म्हणाला, "जुने सर लय मवाळ व्हते. पोरींना बेटा बेटा करायचे. असं कुठं कप मिळतेत?" अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "मोठमोठ्या ठिकाणी काम करून आलेला माणूस हाये. आपलं नशीब म्हना."

आत्या वाढत होती. कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "आत्या, तुमचं काय मत?"

"मला काय कळतंय?" ती म्हणाली. "बोलतोय बरा. पन पोरी सगळा टाइम उन्हात उभ्या व्हत्या आन् ह्यो मांडवातून बोलत व्हता. एकदा बी म्हनला न्हाई, पोरीहो, सावलीत या."

सगळे हसले. मीही ती गोष्ट लक्षात ठेवण्याइतकी मोठी आहे असं तेव्हा मानलं नव्हतं.

संघ जिंकायला लागला, हे कबूल करायला पाहिजे. अंबडला जिंकला, मंठ्याला जिंकला. कोच कडक होता, पोरी पळत होत्या, पकडी बसत होत्या. लिंबाखाली आमचे चाहते छाती काढून बसायला लागले. आणि मग ज्युनिअर गटाची मोठी स्पर्धा जवळ आली; तिच्यातून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. या गटात वजनाची हद्द असते. काट्यावर त्या हद्दीत बसलात तरच खेळता येतं. सारिका बसत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कोच पोरींच्या पंगतीत येऊन उभा राहिला आणि बोटानं दाखवून म्हणाला, "ही. हिचा भात बंद. भाकरी बंद. काकडी द्या."

आत्याच्या हातात परात होती. "आन् ताकद कुठून यायची तिला?"

"आत्या, हा तुमच्या खानावळीचा विषय नाही."

"पोटाचा विषय माझाच हाये," आत्या म्हणाली आणि सारिकाच्या ताटात भाकरी टाकली. कोचनं ते ताट उचललं, बाहेर नेलं आणि रस्त्यावरच्या गाईपुढे ठेवलं. सगळ्या पोरींसमोर. सारिका मान खाली घालून काकडी खात राहिली. मी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो. मी उठून म्हणालो, "सर, हे बरोबर नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी आत्यानं चपला काढल्या, पण तोवर तो गाडीला किक मारून गेला होता.

त्यानंतर जे चाललं ते आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं. ऊन तापायला लागलं होतं आणि त्या उन्हात सारिका रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायची. घाम गाळून वजन उतरवायचं होतं. आधी जेवण कमी झालं, मग पाणी. बाकीच्या पोरी बाटल्या तोंडाला लावायच्या आणि ही तोंड फिरवून उभी राहायची. लिंबाखाली सावलीत बसून, थंड ताक पिता पिता आमचे चाहते म्हणायचे, "याला म्हनतात ट्रेनिंग!" कंडक्टर म्हणाले, "मोठे खेळाडू असेच घडतेत." मला त्यांच्या हातातला तो ताकाचा ग्लास अजून दिसतो आणि तो हिसकून घ्यावासा वाटतो.

आत्या अध्यक्षांच्या दुकानात गेली. मीही बरोबर होतो.

"अध्यक्षसाहेब, पोरगी वाळून चालली. तोंडात थुंकी राह्यली न्हाई तिच्या. माझ्या बापानं सारी उमर मेंढरं राखली, पन तहानलेलं मेंढरू कधी पुढं हाकललं न्हाई. आन् ही तर मानसाची जात."

अध्यक्ष फोनमध्ये बघत होते. "आत्या, जिंकून राह्यलो ना आपन?"

"जिंकून राह्यलो, बराबर हाये. पन..."

"मंग झालं तर."

मी म्हणालो, "निदान एखाद्या डॉक्टरला तरी विचारा." अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही कापसाचं बघा." आम्ही बाहेर पडलो.   

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. सकाळी वजन. काटा मांडवात ठेवला होता आणि भोवती गर्दी. आमचे सगळे चाहते तिथं होते. एका पोरीचं वजन बघायला बापये जमले होते, याची कुणाला लाज वाटली नाही. आदल्या दिवसापासून सारिकाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. ती काट्यावर चढली. पंचांनी मान हलवली. बसली हद्दीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोचच्या पाठीवर थापा मारल्या. सारिका काट्यावरून उतरली आणि तिनं मांडवाचा खांब धरला, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आत्या लिंबू-साखरेचं पाणी घेऊन उभी होती. पोरगी दोन घोट प्याली आणि तिनं ते उलटून टाकलं.

"आज नको खेळू, माय," आत्या तिला म्हणाली. मी ऐकलं.

"आत्या, खेळले न्हाई तर निवड होनार न्हाई माझी," सारिका म्हणाली. "एवढं केलं ते मंग कशाला केलं?"

आत्यानं पदरानं तिचं तोंड पुसलं. 

दुपारच्या सामन्यात पहिला अर्धा भाग ती कशीबशी खेळली. दुसऱ्या भागात एक चढाईवाली तिच्या अंगावर आली. सारिकानं घोटा धरला, पकड झाली, गुण मिळाला. पोरी उठल्या. सारिका उठली नाही.

आधी वाटलं, दम खात असेल. मग तिचे पाय वळायला लागले, गोळे येऊन ताठले. कोच मॅटवर आला. त्यानं बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. तोंडावर, तोंडात नाही. आणि म्हणाला, "ऊठ. नाटक नको. थोडाच वेळ राहिलाय." आणि आमचे चाहते, ज्यांना ती पोरगी काका म्हणायची, ते एका सुरात ओरडायला लागले. "ऊठ, सारिके! ऊठ! ऊठ!" त्यांना ते धीर देणं वाटत असेल. मी त्या आवाजात उभा होतो आणि मला शिसारी आली.

आत्यानं चपला काढल्या. कडेला जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी मॅटवर गेली. मला वाटलं, आता त्या माणसाचं काही खरं नाही. पण तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सारिकाजवळ गेली, खाली बसली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालायला लागली. मैदानाच्या मधोमध.

पंच धावत आले. "बाई, बाहेर व्हा. सामना चालू आहे."

"न्हाई चालू," आत्या म्हणाली.

"बाई, तुम्ही नाही उठलात तर तुमचा संघ बाद होईल."

"करा बाद."

आता लिंबाखालचे सगळे उठून कडेला आले होते. ज्यांना तिनं वर्षानुवर्षं वाढलं, ती तोंडं. "आत्या, उठा! मॅच जाईल!" "हिला कुनी बोलावलं मधी?" "बाई, येडी झाली का?" एकानं पाण्याची रिकामी बाटली फेकली, ती तिच्या खांद्याला लागली. मी मॅटवर गेलो ते तेव्हा. गर्दीतून दुसरं कुणी आलं नाही. पोरी आल्या, पलीकडच्या संघाच्याही. आम्ही सारिकाला उचललं. आत्या उठली, चाहत्यांकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "पोरगी पडली तर तुम्ही गुन मोजताव. थू तुमच्या खेळावर!"

एवढंच. मी तिच्याकडून यापेक्षा कितीतरी रंगीत शिव्या ऐकल्या होत्या. पण या वाक्यानं मैदान गार पडलं.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी संपलंय. अजून थोडं खेळवलं असतं तर किडनीवर गेलं असतं. कुणी केलं हे?" आत्या म्हणाली, "गावानं."

दोन दिवसांनी मंडळाची बैठक झाली. मला वाटलं होतं, कोचला जाब विचारतील. बैठक होती ती आत्याला जाब विचारायला. तिच्यामुळे सामना गेला, संघ बाद झाला, गावाचं नाक कापलं. कोच खुर्चीवर पाय पसरून बसला होता. म्हणाला, "खानावळवाल्या बायकांनी संघ चालवायचा असेल तर मी निघतो." अध्यक्षांनी हात जोडले. "सर, असं बोलू नका." कंडक्टर म्हणाले, "कोच एकदम बराबर हायेत. चूक आत्याची." मी उठून डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लागलो तर मागून आवाज आला, "खाली बसा. फुकट जेवता काय तिथं?" आणि हशा पिकला.

आत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. हशा थांबल्यावर ती म्हणाली, "मी बसले व्हते त्या जागी तुमची लेक असती तर?"

 मोबाइलवाला म्हणाला, "आमच्या लेकी न्हाई खेळत कबड्डी."

ते ऐकून आत्या निघून गेली. माणसं वाईट आहेत म्हणून मला एवढा राग येत नाही. तो माणूस हे वाक्य सहज, काही विशेष न वाटता बोलला, आणि लोकांनी माना डोलावल्या, त्याचा येतो.

खानावळीतली गर्दी ओसरली. कुणी बहिष्कार वगैरे जाहीर केला नाही. आमच्याकडे असं जाहीर करत नाहीत. माणसं फक्त पलीकडच्या गल्लीत जेवायला लागली. आत्या रोज तेवढंच रांधायची आणि उरलेलं स्टेशनावर नेऊन वाटायची. मी आणि दोन-तीन परगावचे व्यापारी, एवढेच उरलो. "बसा ऐसपैस," ती म्हणायची. "आता जागाच जागा."

आणि सारिका? तिच्या बापानं तिचा खेळ बंद केला. स्थळं बघायला सुरुवात केली. हे कळल्याबरोबर आत्या डबा बांधून निघाली. मला सोबतीला घेतलं. गावाबाहेर वस्तीवर घर. दारात मेंढरं बांधलेली, बाप बाजेवर बसलेला. आत्यानं बसायच्या आधीच सुरू केलं. "दादा, पोरीचा खेळ बंद करू नका. वाईट खेळ न्हाई, मानूस वाईट व्हता. पायात काटा मोडला म्हनून कुनी पाय तोडत न्हाई."

बाप म्हणाला, "मरता मरता वाचली पोरगी, आन् तुम्हीच म्हनता खेळवा?"

"मीच म्हनते. मी उचलून आनली तिला, माझा हक हाये."

आतून सारिका आली. बरी दिसत होती. आत्याचा चेहरा उजळला, ती डबा पुढे करणार, एवढ्यात सारिका म्हणाली, "तुम्ही मॅच घालवली माझी."

आत्याचा डबा हातातच राहिला.

"मी उठत व्हते," सारिका म्हणाली.  "उठले असते मी. निवड करनारे बसले व्हते समोर. तुम्ही मांडी घालून बसल्या आन् सगळं संपलं. कुनी सांगितलं व्हतं तुम्हाला?"

मी काहीतरी बोलायला गेलो तर आत्यानं हातानं थांबवलं. डबा बाजेवर ठेवला. सारिकाच्या बापाला तेवढंच म्हणाली, "बघा, केवढी आग हाये पोरीत. लगीन कसलं लावताव?" आणि निघाली. परतताना काळीपिवळीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "बराबर बोलली ती. तिच्या जागी मी असते तर मी बी हेच बोलले असते." आणि पुन्हा, "पन उठत नव्हती हो ती. बिलकुल उठत नव्हती."

बापानं ऐकलं, एवढं खरं. पुढच्या वर्षी सारिका परभणीला कॉलेजात गेली आणि तिथं मोठ्यांच्या गटात खेळायला लागली. तिच्या अंगाला साजेल अशा वजनाच्या गटात. ती आत्याला कधी भेटायला आली नाही.

कोचचं काय झालं ते ऐका. हंगाम संपायच्या आत त्याला मोठ्या शहरातून बोलावणं आलं. गेला. जाताना आमच्या दोन सगळ्यांत चांगल्या चढाईवाल्या पोरी फोडून घेऊन गेला. अध्यक्षांना कळलं ते वर्तमानपत्रातून. आणि मग लिंबाखाली तीच माणसं, तेच आवाज. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं व्हतं." "चालच बराबर नव्हती त्याची." कंडक्टर तर म्हणाले, "पोरीला मारून टाकत व्हता नालायक!" मी त्यांना म्हणालो, "तुम्ही तर वाघ म्हणाला होतात." ते म्हणाले, "ते येगळं." त्या दिवसापासून मी लिंबाखाली बसत नाही.

पुढच्या कोचच्या स्वागताला आत्याला बोलवायला सगळे गेले. नारळ घेऊन गेले. ती चूल सारवत होती. हात तसाच शेणामातीचा ठेवून म्हणाली, "नवा आला का? मंग बघा तुम्हीच. तुम्हाला लय कळतंय मानसातलं." नारळ तिनं परत केला. माणसांना वाटलं, आठवडाभरात विसरेल. ती विसरली नाही. पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाही. मीदेखील एकदा समजावलं, "आत्या, पोरींसाठी तरी या." तर माझ्यावरच उखडली. "पोरीसाठीच गेल्ते ना? बाटली मारली मला. बाटलीचं दुखलं न्हाई, दादा. ज्यानं मारली तो माझ्याकडं सकाळी पोहे खाऊन गेल्ता."

मग गुडघ्यांनी दगा दिला, खानावळ बंद केली आणि ती वडीगोद्रीला भाच्याकडे गेली. त्याचं हायवेला हॉटेल आहे. मी एकदा भेटायला गेलो तर गल्ल्याजवळ खुर्ची टाकून ट्रकवाल्यांवर ओरडत बसली होती. "हात धुवा आधी! डिझेल खाताव का?" मला बघून तिनं भाच्याला दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या. मी म्हणालो, सारिका विद्यापीठाच्या संघाची कप्तान झाली. ती म्हणाली, "कोच कोन हाये तिचा?" मी म्हणालो, एक बाई आहेत. "बाई हाये म्हनून चांगलीच असंल असं न्हाई," ती म्हणाली. "जाऊन बघून या एकदा." मी परभणीला जाऊन सराव बघून आलो आणि फोनवर सांगितलं: बाई ओरडतात खूप, पण दर थोड्या वेळानं शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला बसवतात.  "ठीक हाये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गेल्या थंडीत आत्या गेली. वडीगोद्रीला आम्ही मोजकी माणसं होतो. परतूरहून मंडळाचं कुणी आलं नाही. पण तिसऱ्या दिवशी मी परतुरात उतरलो तर मैदानाच्या फाटकाजवळ हा मोठा फ्लेक्स. मधोमध आत्याचा फोटो, खाली लिहिलेलं: 'आमच्या संघाचा आधारस्तंभ हरपला.' आणि भोवती गोल करून शोकाकुल मंडळी. अध्यक्ष सगळ्यांत मोठे, हात जोडून. कंडक्टर. मोबाइलवाला. ज्यानं बाटली मारली तोसुद्धा, काळा चष्मा लावून. मी तिथं उभा राहिलो आणि मला वाटलं, दगड घ्यावा.

दहाव्याच्या दिवशी सकाळी मी वडीगोद्रीच्या गाडीची वाट बघत फाटकाजवळ उभा होतो, तेव्हा सारिका आली. आता पोलिसात आहे. खेळाच्या जोरावरच भरती झाली. मोटारसायकल फाटकाशी लावली. लिंबाखाली सगळे बसलेले होते. अध्यक्ष उठून पुढे आले, "अरे, आमची वाघीण!" म्हणत. ती त्यांच्या शेजारून गेली. फ्लेक्सचे बांबू धरून वर चढली आणि खिशातून चाकू काढून आत्याचा फोटो चारी बाजूंनी कापायला लागली.

"सारिका, काय करून राह्यली?" अध्यक्ष ओरडले.

"यांच्यात नको," ती म्हणाली. कापता कापताच.

तिनं फोटो गुंडाळला, खाली उतरली. माझ्याजवळ येऊन क्षणभर थांबली.  गुंडाळी छातीशी धरून गाडीवर बसली आणि वडीगोद्रीच्या रस्त्याला लागली.

फ्लेक्स बरेच दिवस तसाच होता. भोवती हात जोडलेली ती सगळी माणसं, आणि मधोमध माणसाएवढं भोक. त्या भोकातून मैदान दिसायचं. नवा कोच शिट्टी वाजवत असायचा आणि पोरी पळत असायच्या.